खर्जातली तफावत

१

सोमवारी सकाळी दिवेकाका स्टेजखालच्या तळघरात सापडले. मॅनेजरबाईंनी वरून टॉर्च मारला तेव्हा आधी काकांचा चष्मा दिसला, मग काका. चष्मा शाबूत होता. हे मला कोणी सांगायला नको होतं, पण सांगितलं, आणि आता ते डोक्यातून जात नाही.

दिवेकाका म्हणजे त्या छोट्याशा गाण्याबजावण्याच्या हॉलचे दिवे सांभाळणारे. मला ते फटाकडी म्हणायचे. कारण असं की माझी आत्या हॉल मोजते आणि सुट्टीच्या दिवशी मी तिच्यासाठी फुगे फोडते. वर्गात हे सांगितलं की मुली हसतात. हसू देत. हॉल मोजायचा म्हणजे लांबी-रुंदी नव्हे, घुमारा मोजायचा. स्टेजवर उभं राहून मोठा फुगा फोडायचा, खुर्च्यांमध्ये ठेवलेला माइक ऐकत असतो, आणि आवाज मेल्यावरही हॉल किती वेळ घुमत राहतो ते आकड्यात येतं. जास्त घुमला तर गाण्याचा चिखल होतो, कमी घुमला तर गाणं कोरडं ठाक.

मोजताना बाकी सगळी माणसं बाहेर. पंखे बंद. स्टेजवरचे दिवेसुद्धा बंद, कारण ते बारीक गुणगुणतात आणि माइकला तेही ऐकू येतं. दाराबाहेर लाल दिवा लावायचा. तो लागलेला असेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. तो विझला की दिवेकाका आत जायचे आणि अंधारात स्टेज ओलांडून पलीकडच्या भिंतीवरची बटणं दाबायचे. इतकी वर्षं झाली होती की डोळे मिटूनही गेले असते. रविवारी संध्याकाळी ते तसेच गेले, आणि मध्ये स्टेज नव्हतंच.

स्टेजच्या मधोमध पियानो वर आणण्यासाठी मोठी झडप आहे. दोन पाखं, खालच्या बाजूला उघडणारी. विंगेतलं हँडल फिरवलं की उघडतात, उलटं फिरवलं की मिटतात. पियानोची लिफ्ट दुरुस्तीला गेलेली, त्यामुळे झडप उघडी म्हणजे सरळ खड्डा. रविवारी दुपारी आत्याने ती उघडली होती, तळघरात काय काय भरलंय ते बघायला. मग मिटली. निदान ती तसं म्हणत होती. त्याहून खरं सांगायचं तर, ती तेवढंही ठामपणे म्हणत नव्हती.

इन्स्पेक्टरने आमच्या समोरच तिला विचारलं, "मॅडम, झडप बंद केली होती की नव्हती?"

कोणीही शहाण्या माणसाने "केली होती" म्हटलं असतं. माझी आत्या म्हणाली, "बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"हँडल फिरवल्याचं आठवतं. शेवटपर्यंत फिरवलं का, ते शपथेवर नाही सांगता येणार."

इन्स्पेक्टरने मान हलवली. गुरुवारी येऊन जबाबावर सही करा, म्हणाला. सही केली की निष्काळजीपणामुळे माणूस मेल्याचा गुन्हा आत्याच्या गळ्यात पडणार होता. आणि ती सही करायला निघाली होती.

२

आता आत्या त्या दिवशी मध्येच हॉल सोडून का गेली, तर माझ्यासाठी. आमच्या शाळेच्या वादविवादाची अंतिम फेरी होती. पुढच्या रांगांमधली मोजणी तिने केली, मागच्या रांगा आपल्या मदतनिसाला सोपवल्या आणि धावत माझं भाषण ऐकायला आली. मी पहिली आले. तेव्हापासून मला कोणालाही प्रश्न विचारायची भीती वाटेनाशी झाली आहे, आणि त्या आठवड्यात त्याचा उपयोग झाला.

मंगळवारी आत्या तिचं सामान ताब्यात घ्यायला हॉलवर गेली. मीही गेले. ती इन्स्पेक्टरशी बोलत बसली आणि मी हिंडले.

मॅनेजरबाईंचं कार्यालय हॉलच्या मागे, दार कायम लोटलेलं. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते, तरी हात चालू होते. उद्घाटनाची आमंत्रणं पाकिटातून परत बाहेर काढत होत्या. रविवारी त्या इथेच होत्या, बाहेर आल्याच नाहीत, असं म्हणाल्या. काका घरी गेले असं समजून कुलूप लावून निघाल्या. डॉक्टरांचं म्हणणं त्यांनीच मला सांगितलं, आणि ते सांगताना पाकीट फाटलं. काका पडल्यावर लगेच गेले नव्हते. बराच वेळ होते.

ठेकेदार दाराबाहेरच्या बाकावर भेटला. हॉलच्या भिंतींना नवीन लाकडी पट्ट्या त्याच्या माणसांनी बसवलेल्या. आत्याची मोजणी झाल्यावर हॉल पास झाला तर त्याचं काम संपलं, नापास झाला तर सगळं उचकटायचं. पोलीस दोनदा विचारून गेल्यामुळे तो वैतागला होता.

"अगं पोरी, मी या बाकावरून हललोसुद्धा नाही," तो म्हणाला. "मी आणि काका चहा पीत होतो. लाल दिवा विझला तसा काकांनी अर्धा कप माझ्या हातात दिला, 'आलोच' म्हणाले. मी आपला दोन हातात दोन कप घेऊन, बैलाच्या शिंगांसारखा, बसून राहिलो. मग तुमचा कानसेन आला. त्याला म्हटलं, काकांचा चहा निवतोय, तू तरी घे. नको म्हणाला. हॉल पास झाला म्हणाला आणि गेला. मग मीही कप ठेवून घरी."

हॉल पास झाल्याचा त्याला आनंद झाला होता, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि मग लाज वाटून जमिनीकडे बघत बसला.

कानसेन म्हणजे आत्याचा मदतनीस. हे नाव मीच ठेवलेलं. गाता येत नाही ते सगळेच कानसेन असतात, पण याचे कान खरोखर अजब. त्याची पाठ करून उभं करायचं आणि मागे काहीही पाडायचं: पेन्सिल, चमचा, खोडरबर. तो न वळता सांगायचा. एकदा मी माझी चप्पल पाडली तर म्हणाला, डाव्या पायाची आहे, टाच झिजलीय.

तो मला व्हॅनपाशी भेटला. वायरींची वेटोळी करत होता, सोडत होता, परत करत होता. आवाज अगदी खाली गेलेला. म्हणाला, मॅडम गेल्यावर मी मागच्या रांगा मोजल्या, लाल दिवा बंद केला आणि निघालो. स्टेजवर अंधार होता, हातातली टॉर्च फुग्यापुरतीच, मधली झडप उघडी की मिटलेली ते काय दिसणार. काका तेव्हा कुठे होते, मी विचारलं.

"बाहेर बाकावर. चहा पीत होते," तो म्हणाला. "मी निघालो तेव्हा."

मी आत्याकडे परत आले. माझ्या डोक्यात काहीतरी खडखडत होतं, बुटात खडा जावा तसं, पण तो खडा मला सापडेना.

३

त्या संध्याकाळी आम्ही आत्याच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, तू नेहमी सांगतेस की मोजता येतं ते मोजावं आणि नाही त्याबद्दल गप्प बसावं. मग मोज ना.

"काय मोजू? माझी आठवण?"

"झडप."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला माझी कल्पना सांगितली, घाईघाईत, अर्धी हातवाऱ्यांनी. उघड्या खिडकीतून आवाज बाहेर जातो तो परत येत नाही, हे तिनेच मला शिकवलेलं. खोलीला भोक पडलं की घुमारा कमी होतो. तळघरात जुन्या पडद्यांचे आणि गाद्यांचे ढीग. म्हणजे झडप उघडी असेल तर हॉलचा आवाज, विशेषतः जाडा, खर्जातला आवाज, खाली जाऊन गाद्यांमध्ये झोपणार. मग ती गेली तेव्हा झडप कशी होती, ते हॉललाच विचारू या. हॉलने त्या दिवशी आपणहून सांगून ठेवलंय.

आत्याने आकडे काढले. तिने स्वतः मोजलेल्या पुढच्या रांगा: खर्जात घुमारा लांब. हॉल नापास होईल इतका. कानसेनने मोजलेल्या मागच्या रांगा: घुमारा थोडा आखूड. सरासरी काढली तर हॉल काठावर पास.

मी टाळी वाजवणार होते. आत्याने माझा हात धरला.

"थांब. तफावत किती लहान आहे बघ. एकाच जागी दोनदा फुगा फोडला तरी खर्जात एवढा फरक पडू शकतो. पुढे-मागे बसण्यानेही पडतो. यावरून झडप उघडी होती म्हणणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला."

"मग?"

"मग काही नाही. ही तफावत खरी आहे की मोजण्यातला गोंधळ आहे, ते मला माहीत नाही."

"माहीत करून घ्यायला काय लागेल?"

तिने आकड्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "खूप फुगे."

मी लॅपटॉप मिटायला गेले आणि तेवढ्यात मला ते दिसलं. रेकॉर्डर प्रत्येक आवाजाला स्वतःच पुढचा क्रमांक देतो. आत्याची शेवटची मोजणी आणि कानसेनची पहिली, यांच्यामधला एक क्रमांक नव्हता.

४

पुन्हा मोजायला हॉल उघडून द्या म्हटलं, तर इन्स्पेक्टर नाही म्हणाला. मग मी पंधरा मिनिटं बोलले. आत्याचं म्हणणं, त्याने परवानगी दिली ती मी गप्प बसावं म्हणून. असेल. बुधवारी दुपारी त्याने हॉलचं सील काढलं आणि स्वतः आत खुर्चीत ऐसपैस बसला. मला त्याला बाहेर काढावं लागलं. तुमचा युनिफॉर्म आवाज खातो, मी सांगितलं, आणि पोटही थोडं. तो बाहेर जाऊन ठेकेदाराशेजारी बाकावर बसला. मॅनेजरबाईही आल्या. कानसेनला आत्याने बोलावलं होतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

मी यापूर्वी आत्याला पन्नास वेळा काम करताना पाहिलं असेल, पण तसं नाही. फुगे सगळे एकाच पाकिटातले. प्रत्येक फुगा लाकडी रिंगणातून जेमतेम जाईल एवढाच फुगवायचा, म्हणजे कोणी मोठा, कोणी छोटा नको. स्टेजवर खडूची फुली, तिच्यावरच उभं राहायचं, एकाच उंचीवर फोडायचा. माइक मागच्या रांगांमध्ये, कानसेनने ठेवला होता त्याच जागांवर. फोडल्यावर लगेच दुसरा नाही; हॉल पूर्ण शांत होऊ द्यायचा, श्वाससुद्धा जपून. आधी झडप मिटून, मग उघडून, मग पुन्हा मिटून, म्हणजे दुपार तापली म्हणून आकडा बदलला असं कोणी म्हणायला नको.

झडप उघडायची वेळ आली तेव्हा आत्या हँडलपाशी गेली आणि थांबली. मी फिरवू का, विचारलं. नको म्हणाली. पाखं खाली गेली आणि तळघरातून गार, ओलसर वास वर आला. त्या चौकोनापासून चार पावलांवर उभं राहून फुगे फोडताना मी एकदाही खाली बघितलं नाही. दिवेकाकांनी फटाकडे म्हणून हाक मारली असती तर बरं झालं असतं, असा वेड्यासारखा विचार आला.

हळूहळू आकडे एकमेकांजवळ आले. एकेकटा फुगा इकडे तिकडे पळायचा, पण पुष्कळ फुगे एकत्र घेतले की कळप आपल्या जागी बसायचा. शेवटी पडद्यावर दोन कळप दिसत होते. मिटलेल्या झडपेचा एक, उघड्या झडपेचा दुसरा. मध्ये मोकळी जागा. पातळ, पण मोकळी.

आत्याने रविवारचे आकडे त्यावर टाकले. रविवारी मागच्या रांगांमध्ये मोजलेले सगळे उघड्या कळपात जाऊन बसले.

तिचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे झडप उघडीच होती," ती म्हणाली. "फटाकडे, मी उघडीच ठेवली होती."

५

"पुढच्या रांगाही मोजायच्या," मी म्हटलं. "तुझ्या. त्यांचे कळप वेगळे असतील."

ती उठेना. मीच माइक उचलून पुढे नेला, मीच फुगे फुगवले, आणि ती यंत्रासारखी क्रमांक वाचत राहिली. संध्याकाळ झाली. पुढच्या रांगांचेही दोन कळप झाले. आणि आत्याने रविवारी स्वतः घेतलेले आकडे त्यावर टाकल्यावर ते सगळे मिटलेल्या झडपेत जाऊन बसले. एकही बाहेर नाही.

ती मोजत होती तोवर झडप मिटलेली होती. ती गेल्यावर उघडली.

आम्ही बाहेर आलो. मी सांगितलं आणि आत्याने दुरुस्त केलं. इन्स्पेक्टरने एक चांगला प्रश्न विचारला: मॅडम निघून गेल्या, हॉलमधलं एक माणूस कमी झालं, त्यानेच आकडा बदलला नसेल कशावरून? आत्या म्हणाली, माणूस कमी झालं तर घुमारा वाढतो. इथे कमी झालाय.

"मग उघडली कोणी?" इन्स्पेक्टर म्हणाला. "हॉल पास व्हावा म्हणून तर सगळेच टपून बसले होते. याचं काम सुटलं असतं, बाईंचं उद्घाटन झालं असतं."

ठेकेदार उठून उभा राहिला, मी त्याला बसवलं. मला त्या वेळी अजिबात भीती वाटत नव्हती, पण आनंदही होत नव्हता, आणि हे मला नवीन होतं.

मी म्हटलं, झडप उघडायची कल्पना कोणाला सुचेल? हॉल खर्जात नापास होतोय हे ज्याला कळलं, त्याला. हे बाहेर बसलेल्या कोणालाच माहीत नव्हतं. आतल्याला माहीत होतं, कारण मॅडम गेल्यावर त्याने एक फुगा फोडला आणि आकडा वाईट आला. तो आवाज आता रेकॉर्डरमध्ये नाही. मधला क्रमांकच नाही, म्हणजे तो पुसलाय. पुसला त्यानंतरचा प्रत्येक आकडा उघड्या झडपेचा आहे.

कानसेन भिंतीपासून सरळ झाला. "फुगा हातातच फुटला होता," तो म्हणाला. "म्हणून पुसला."

"आपण पुसत नाही," आत्या म्हणाली. "फुटला तरी ठेवतो. नावडता आकडा पुसायचा नाही, हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"चूक झाली, मॅडम. पण त्यावरून..."

"त्यावरून नाही," मी म्हटलं. बुटातला खडा आता माझ्या हातात होता. "एकाच मोजणीवर विश्वास नको. तू म्हणालास, तू निघालास तेव्हा काका बाकावर चहा पीत होते. ठेकेदारकाका, तुमच्या हातात कप किती होते?"

ठेकेदाराने नकळत दोन्ही हात पुढे केले, दोन कप धरल्यासारखे. मग त्याने कानसेनकडे पाहिलं. "दोन," तो हळू म्हणाला. "काका आत गेले होते. हा त्यांच्यानंतर बाहेर आला."

मॅनेजरबाई भिंतीला धरून खाली बसल्या.

मग कानसेन बोलला, आत्याकडे बघत, जणू बाकीचे तिथे नव्हतेच. भिंतीच्या पट्ट्यांचा आराखडा त्याचा होता. पहिलाच. आत्याने त्याच्यावर सोपवलेला. आकडा पाहिला आणि पायाखालची जमीन गेली. झडप फक्त मोजणीपुरती उघडली, नंतर मिटणारच होता. मागच्या रांगांमध्ये वायरी गोळा करत होता. मोजून झालं की आधी लाल दिवा बंद करायचा, ही हाताची सवय. हात बटणावर गेला, दिवा विझला. मग लक्षात आलं. तो स्टेजकडे निघाला होता. खरंच निघाला होता.

"आणि?" आत्या म्हणाली.

"आणि आवाज आला."

"कसला?"

"मला वाटलं, सामान पडलं."

आत्या त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. कामावर आकडा विचारते त्याच स्वरात तिने विचारलं, "सामान आहे, याची किती खात्री होती तुला?"

त्याच्या पाठीमागे मी किती वस्तू पाडल्या होत्या. पेन्सिल, चमचा, एक चप्पल.

"शून्य," कानसेन म्हणाला.

इन्स्पेक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आत्याचा तो जबाब फाडला गेला. हॉल खर्जात नापास, असा अहवाल तिने दिला; पट्ट्या उचकटल्या. ठेकेदाराने एका शब्दाने कुरकुर केली नाही. आत्या मात्र पुष्कळ दिवस कोणाचाही फोन उचलत नव्हती. आराखडा मीच दिला होता त्याला, एवढंच एकदा म्हणाली.

मग एका शनिवारी आम्ही दुसऱ्या एका हॉलवर गेलो. माणसं बाहेर, पंखे बंद, दाराशी लाल दिवा. मी फुगा घेऊन खडूच्या फुलीवर उभी राहिले आणि दिवे जायची वाट बघत राहिले. स्टेजवरचा एक दिवा गेलाच नाही. तो बारीक गुणगुणत होता, माइकला नक्की ऐकू जाईल असा. मी आत्याला खूण केली.

"राहू दे तो," ती खुर्च्यांमधून म्हणाली. "आकडा थोडा डळमळला तरी चालेल. फोड."